घरी नको, नंदू

प्रिय नंदू,

ग्रुपवरच उत्तर देणार होते, पण तिथे सगळे अंगठे दाखवून मोकळे झाले होते, आणि मला म्हणायचंय ते चारचौघांत म्हणण्यासारखं नाही. म्हणून हे पत्र. वाचून झालं की सुनंदालाही दे.

"या वेळी माझ्याकडेच जमूया. सुनंदा थोडंफार करेल, बाकीचं मागवू. हॉटेलात आता बसू देतात कुठे?" हे तू लिहिलंस? रुईयाजवळच्या मणीजमध्ये एका इडलीच्या प्लेटवर सांबार मागून मागून वाढणाऱ्याला दमवणारा तू? वाचून मला खरंच वाईट वाटलं.

आणि थोडंफार म्हणजे काय रे? आठ माणसांचं थोडंफार म्हणजे आदल्या रात्रीपासून कांदे, कोथिंबीर, नारळ. वरच्या फळीवरच्या बश्या काढा, पुसा. आपण गेल्यावर पुन्हा घासा. दिवाळीपासून तिचा गुडघा दुखतोय, हे तुला मी सांगायला हवं? आपण बाहेर कॉलेजातल्या प्रॅक्टिकलच्या जुन्या गोष्टीवर हसत बसणार आणि ती आतून विचारणार, काय झालं, काय झालं? मागे दादाकडे जमलो तेव्हा त्याच्या सुनेने आपल्याला तीनदा चहा दिला. तिचं नाव आपल्यातल्या किती जणांना आठवतं, सांग.

म्हणून माझं म्हणणं आहे की मित्रांनी हॉटेलातच भेटावं. घर म्हटलं की एक यजमान होतो, बाकीचे पाहुणे होतात आणि एक बाई ओट्याशी उभी राहते. हॉटेलात सगळे नुसते गिऱ्हाईक. कुणी कुणाला आग्रह करायचा नाही, कुणी उठायचं नाही. तुम्हा पुरुषांना हे कळायला वेळ लागतो, कारण तुम्ही दोन्हीकडे बसलेलेच असता.

माझ्या आईला 'मुलींनी हॉटेलात बसू नये' असंच शिकवलं होतं. आमच्या लहानपणी हॉटेलात 'फॅमिली रूम' असायची, पडद्याआड किंवा अर्ध्या दारामागे. बाईने बाहेरच्या टेबलाशी बसायचं नाही, ते पुरुषांचं. मी पहिल्या पगारातून आईला माटुंग्याला नेलं. मसाला डोसा समोर आला तरी ती खाईना. हा कुणी केला, त्याचं जेवण झालं का, विचारत होती. मग हळूच एक कड मोडली. संपवून झाल्यावर ती ताट उचलायला निघाली, तेव्हा मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. त्या दिवसापासून हॉटेल ही चैन आहे असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

आणि हॉटेलात एकत्र बसणं हे काही आपल्या आठ जणांपुरतं नाही. शेजारी कोण बसलंय, त्याची जात कोणती, त्याला आत घ्यायचं की नाही, या प्रश्नावर या देशात माणसं पिढ्यान् पिढ्या वेगळी जेवली. पाण्याचा पेलासुद्धा वेगळा असायचा. म्हणूनच राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकानांच्या आणि विहिरींच्या बरोबरीने सार्वजनिक उपाहारगृहांचाही उल्लेख आहे: धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाला तिथे मज्जाव करता येणार नाही. 26 जानेवारी 1950 पासून तो कायदा आहे. माटुंग्याच्या कॅफे मद्रासमध्ये आपल्या टेबलाच्या रिकाम्या खुर्चीवर कुणी अनोळखी माणूस येऊन बसतो आणि चटणीची वाटी इकडे सरकवा म्हणतो, तेव्हा मला त्या कायद्याची आठवण होते. तू म्हणशील, शरू कुठून कुठे पोचली. पण मला ही गोष्ट लहान वाटत नाही.

बसू देत नाहीत म्हणतोस, तर त्या स्टेशनजवळच्या नव्या जागेत कॉफी अर्धी असताना बिल आणून ठेवलं तेव्हा मलाही संताप आला होता. तिथे आपण परत गेलो नाही, बरं केलं. पण मद्रासच्या दाराशी रविवारी लोक नाव लिहून उभे असतात, त्यात लेकुरवाळ्या असतात. खाऊन झाल्यावर त्यांना जागा द्यायची. गप्पांना महेश्वरी उद्यान हाकेच्या अंतरावर आहे. 1940 पासून ते हॉटेल चाललंय, रामा नायकांचं बोर्डिंग 1942 पासून. लोक खाऊन उठतात म्हणूनच चाललंय.

राहिलं तुझं 'मागवू'. अरे, डोसा मागवायचा पदार्थ आहे का? तव्यावर त्यातलं पाणी उडतं म्हणून तो कुरकुरीत होतो. डब्यात कोंडला की तीच वाफ त्याच्यात परत शिरते. ठाण्याला तुझ्या घरी पोचेपर्यंत त्याची ओली घडी होते. रसम वड्याचंही तेच. वडा रसमात बुडून किती वेळ झाला यावर सगळं आहे. वरून मऊ, चमचा घातला की मध्ये अजून थोडा घट्ट, तेवढ्यात खायचा. पार्सलमध्ये तो लगदा होतो.

पण खरं सांगू? डोशासाठी मी एवढं लिहीत नाहीये. परवा सुनंदाशी बोलले. जिन्यात पडलास तेव्हापासून तू खाली उतरतच नाहीस, म्हणाली. टीव्हीसमोर प्लास्टिकच्या डब्यातून खातोस, निम्मं टाकतोस, आणि कुणी फोन केला तर झोपलाय सांग म्हणतोस. मग 'माझ्याकडेच जमूया' कशासाठी, ते मला कळलं. भीती वाटते ना पायरीची? मग तसं लिही. हॉटेलात बसू देत नाहीत, यावर ढकलू नकोस. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, आणि तू सहा महिने घरात काढलेस तर पुढे खरंच उतरता येणार नाही. माझ्या भावाचं मी पाहिलंय. तू मला नको आहेस तसा.

असं करूया. गर्दी कमी असेल अशा वेळी जाऊ. मी टॅक्सी घेऊन तुमच्या दाराशी येते. तुझा एक हात सुनंदा धरेल, एक मी. ती आपल्यातच बसेल, भिंतीकडची खुर्ची तिची. तिला काय हवं ते तिने मागवायचं, तू तिच्या वतीने सांगायचं नाहीस. बाकीच्यांना मी कळवते, ते येतील.

मला फक्त वार कळव. सोमवार सांगू नकोस, सोमवारी मद्रास बंद असतं.

तुझी,
शरू