तो रकाना मी मनानेच भरला

आमच्या निपाणीच्या घरात तुरुंगाचं नाव आदराने घेतलं जायचं. सीमालढ्यात हिंडलग्याच्या कारागृहात राहून आलेल्यांना आम्ही पोरं वाकून नमस्कार करायचो. पण तुरुंगात गेलेली बाई म्हटली की माझ्या मनात भलतंच काहीतरी यायचं. पुढे वकील झाले, कायदेविषयक मदतीसाठी महिला बंदींना भेटू लागले, गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष हे कोर्टात तळमळीने मांडू लागले. तरी ते भलतंच मनातून गेलं नव्हतं.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबद्दल तर माझं मत पक्कंच होतं. तो एचपीव्ही विषाणूमुळे होतो आणि हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, एवढं वाचलं होतं. पुढचं मी माझ्या पदरचं जोडलं : म्हणजे हा ‘तसल्या’ बायकांचा रोग.

आमच्या भागातल्या एका कारागृहात महिला बंदींसाठी या कॅन्सरची तपासणी ठरली, तेव्हा अर्ज भरून द्यायला मी बसले. वय, लग्नाचं वय, बाळंतपणं, पाळीच्या तक्रारी आणि शेवटी शरीरसंबंध किती जणांशी, हा प्रश्न. तो विचारायला माझी जीभ रेटेना. मग मी बाईवरचं कलम बघून तो रकाना भरू लागले. देहविक्रीशी संबंधित गुन्हा असेल तर ‘अनेक’, बाकीच्यांना ‘एक’. पुराव्याशिवाय निष्कर्ष काढू नका म्हणून कोर्टात भांडणारी मी, इथे न विचारताच निकाल लिहीत होते.

विड्या वळून पोट भरणारी एक कच्ची कैदी समोर बसली होती. बोटं विडीच्या पानाने काळवंडलेली. तिची नजर माझ्या पेनवर होती.

“न इचारता काय लिवलासा, अक्का?”

मी सांगितलं, एक.

“माझा एकच. त्येचं किती, ते मला कुठं म्हाईत?”

तिने ते तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. बाजारभाव सांगावा इतक्या सहज म्हणाली. मी मात्र पेन खाली ठेवलं. ज्या प्रश्नावर मी बायकांची वर्गवारी करत होते, त्याचं अर्धं उत्तर तुरुंगाबाहेर, कुठल्या तरी पुरुषाकडे होतं, आणि त्याच्याकडे अर्ज घेऊन कुणी गेलेलं नव्हतं. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक बायका-पुरुषांना हा विषाणू कधी ना कधी गाठतोच. बहुतेकांचं शरीर तो वर्ष-दोन वर्षांत घालवतं. काहींच्या शरीरात तो ठाण मांडतो आणि मग पंधरा-वीस वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. एचआयव्हीची लागण असेल तर त्याहून लवकर. हे सगळं मी वाचलेलंच होतं. तरीही मला त्यात फक्त चारित्र्य दिसलं.

उठता उठता तिने विचारलं, “तुमी घेतलासा काय करून?”

मी तपासणी करून घेतली नव्हती. मला गरजच काय, असं मी धरून चालले होते.

तिचा निकाल काय आला, ते तिचं खासगी आहे. मी माझ्यापुरतं सांगते. नंतर मी एका दवाखान्यात गेले. काउंटरवर ‘कशासाठी?’ असं विचारल्यावर माझा आवाज आपोआप खाली गेला. शेजारच्या बाकावरच्या बाईने ऐकलं तर काय म्हणेल, याची भीती वाटली. पहाऱ्यात रांगेला उभ्या राहिलेल्या त्या बायकांना ‘लाजू नका’ म्हणून मीच सांगून आले होते. माझ्या मनातला तो शब्द, ‘तसल्या’, आता माझ्यावरच रोखलेला होता. तो किती घाण आहे, हे मला तेव्हाच कळलं.

तपासणी काही मिनिटांची होती. सौम्य अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा बोळा लावतात, मिनिटभर थांबतात, पांढरा डाग उमटतो का ते बघतात. डाग उमटला आणि तो उपचारायोग्य असेल तर तो भाग त्याच भेटीत नष्ट करता येतो. कच्च्या कैद्याला हे फार मोलाचं, कारण रिपोर्ट यायच्या आत जामीन झाला की तिला शोधायचं कुठे?

बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या मदतीने उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांहून अधिक बायकांवर या कॅन्सरच्या तपासणीचा अभ्यास झाला. तो 2009 साली प्रसिद्ध झाला. ज्या गटाला एकदाच एचपीव्ही चाचणी आणि गरजेप्रमाणे उपचार मिळाले, त्या गटात या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत जवळपास निम्मे होते. आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातल्या 30 ते 49 वयाच्या शंभर बायकांमागे दोघींचीही या कॅन्सरची तपासणी कधी झालेली नव्हती. म्हणजे या बाबतीत गजाआडच्या आणि बाहेरच्या आम्ही सारख्याच.

बाहेरच्या बायकांना जी तपासणी मिळते ती बंदी स्त्रियांनाही मिळाली पाहिजे, असं संयुक्त राष्ट्रांच्या 2010 च्या बँकॉक नियमांत स्पष्ट लिहिलं आहे. ती तिच्या संमतीने व्हावी, आडोशाला व्हावी, आणि सुटकेनंतरही तिचे कागद तिच्या हाती असावेत. यासाठी आता मी अर्ज करते, पाठपुरावा करते. तो रकाना विचारल्याशिवाय भरत नाही. तुम्ही तिशी ओलांडली असेल तर तपासणी करून घ्या, आणि काउंटरवर तिचं नाव मोठ्याने सांगा.