लाल गहू

अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हा आमच्या हास्यक्लबात हसणं राहिलं बाजूला. "आपण काय त्यांचं खाल्लंय?" एक तरुण गृहस्थ तावातावाने म्हणाले. मी म्हटलं, "हो, खाल्लंय की. मी स्वतः खाल्लंय."

१९६५-६६ मध्ये मी शाळकरी मुलगी होते. रेशनच्या रांगेत पिशवी घेऊन उभं राहायचं काम माझ्याकडे. मिळायचा तो लाल अमेरिकन गहू. पोळी लाटावी तर आक्रसून परत लहान व्हायची. आई वैतागायची, पण टाकायची नाही. शास्त्रीजींनी सोमवारी रात्री जेवू नका म्हटलं, तेही आमच्या घरी पाळलं.

हा गहू फुकट नव्हता बरं का! 'पीएल-४८०' कायद्याखाली १९५६ मध्ये करार झाला. त्यांच्याकडे धान्य उतू चाललेलं, आपल्याकडे डॉलर नाहीत, म्हणून किंमत रुपयांत. ते रुपये त्यांच्या नावाने इथेच साठत राहिले. पुढे जॉन्सनसाहेबांनी जहाजं महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडायला सुरुवात केली. आपण व्हिएतनामबद्दल बोललेलं त्यांना रुचलं नव्हतं. भुकेल्याला असं ताटकळत ठेवणं मला आजही क्षमा करण्यासारखं वाटत नाही. १९७४ मध्ये मात्र त्यांनी त्या साठलेल्या रकमेतले १६६४ कोटी रुपये एका धनादेशाने भारताला देऊन टाकले. हेही सांगायला हवं.

गाजरगवत या गव्हातून आलं, असं पुण्यात सगळे म्हणतात. पण ते इथे १९५५ च्या सुमारासच दिसलं होतं आणि करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये! १९५१ मध्ये कर्जाऊ गहू आला होता, त्यातून आलं असेल तर कोण जाणे. शाळेच्या मैदानातलं ते गवत उपटून मुलांच्या हातांना खाज सुटायची, एवढं मात्र मी पाहिलंय.

आणखी एक गंमत. त्या साठलेल्या रुपयांतून १९६२ पासून अमेरिकन ग्रंथालयांसाठी भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेतली गेली. त्यांत मराठीही होती. माझी भाची शिकागोला शिकत होती. इथे अप्पा बळवंत चौकात पायपीट करूनही न मिळालेला एक जुना कथासंग्रह तिला तिथल्या विद्यापीठात मिळाला. तिने पानांचे फोटो पाठवले, मी दोन रात्री जागून वाचले.