‘खोली’ पाहताना

सुवर्णमहोत्सवी मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सायंकाळी, सत्कार आणि मनोगते आटोपल्यावर, नववीच्या मुलामुलींनी तयार केलेला एक लघुपट सभागृहात दाखविण्यात आला. कार्यक्रमपत्रिकेत त्याचा उल्लेख ‘विद्यार्थ्यांची कलाकृती’ एवढाच होता आणि वेळ मिळाली होती ती स्नेहभोजनाच्या अगोदरची. साहजिकच बरेच जण उठून चहाकडे गेले. आमची तुकडी मागच्या दोन रांगांत बसून राहिली. त्यात रसिकतेचा भाग थोडा होता. इतक्या वर्षांनी भेटलेल्यांना एकमेकांना सोडून उठवत नव्हते, हे कारण अधिक खरे. संपादक मंडळाने आम्हाला ‘वसतिगृहातील सोनेरी दिवस’ या विषयावर लिहावयास सांगितले होते. तो विषय बाजूला ठेवून आम्ही त्या अकरा मिनिटांविषयी लिहीत आहोत, याबद्दल मंडळाने क्षमा करावी.

मुलांनी लघुपटाला नुसते ‘खोली’ असे नाव दिले आहे. तो भयपट आहे. ज्या विद्यालयात सकाळ त्रिशरण-पंचशीलाने उजाडते, जेथे बावीस प्रतिज्ञा पाचवीतच मुखोद्गत होतात, तेथील मुलांनी भुताचा चित्रपट काढावा, हे ऐकूनच पुढच्या रांगेतील काही ज्येष्ठ अस्वस्थ झाले होते. मुलांना परवानगी देणाऱ्या बाईंनी प्रास्ताविकात दोन वाक्यांत सांगितले, की भूत नसते हे सांगायलाही भुताच्या गोष्टीतूनच जावे लागते. आम्हाला ते उत्तर त्या वेळी पटले. लघुपट पाहिल्यावर मात्र वाटले, की मुले त्याच्याही पुढे गेली आहेत.

सुरुवात अगदी ठरलेल्या वाटेने होते. रात्र. दूर कुत्री भुंकतात. वसतिगृहाच्या लांब व्हरांड्यात एकच दिवा, तोही मिचमिचणारा. एक नवा मुलगा वळकटी आणि पत्र्याची पेटी घेऊन दाखल होतो. व्हरांड्याच्या टोकाला एक कुलूपबंद खोली आहे. शिपाईमामा त्याला बजावतात, “त्या खोलीकडं फिरकू नको बाबा.” जुनी मुले अंथरुणात पडून त्याला सांगतात, की तेथे एका पोराचे भूत आहे आणि मध्यरात्री ते पेटी वाजवते. मग पैज लागते. वीज जाते. तीन मुले बॅटरी घेऊन निघतात. कॅमेरा त्यांच्या पाठीमागे इतका जवळ, की पुढचे काही दिसू नये. कडी करकरते. अंगावर काहीतरी उडी घेते. ती मांजर असते. सभागृहातील पाचवी-सहावीची मुले एका सुरात किंचाळली आणि मग स्वतःलाच हसली. आम्हीही दचकलो, हे कबूल करतो. भयपटाचे हे सारे संकेत मुलांनी बिनचूक सांभाळले आहेत, आणि तेही एका मोबाइलवर चित्रीकरण करून. कडीच्या आवाजासाठी त्यांनी कोठीघराचे दार वापरले, असे नंतर कळले. ते दार आमच्या वेळेसही असेच करकरत असे.

या संकेतांची आमची ओळख जुनी आहे. भीमजयंतीच्या रात्री वस्तीत व्हिडिओ भाड्याने आणला जाई आणि दोन चांगल्या चित्रपटांनंतर पहाटेकडे हमखास रामसे बंधूंचा नंबर लागे. ‘पुराना मंदिर’ (१९८४) पाहून आम्ही गोधडीतून तोंड बाहेर काढले नव्हते. तेथे राक्षस खरा असतो आणि त्याला मारावे लागते. दुसरी परंपरा त्याहून जुनी आणि अधिक सभ्य. कमाल अमरोही यांच्या ‘महल’ (१९४९) मधील हवेलीत फिरणारी ती छाया शेवटी माळ्याची मुलगी निघते. ‘बीस साल बाद’ (१९६२) मध्येही भुताआड माणूसच असतो. म्हणजे ‘भूत नव्हतेच’ हा शेवट बंडखोर मुळीच नाही. तोही एक संकेतच आहे, आणि फार सोयीचा. त्यात प्रेक्षकाला दुहेरी सुख मिळते. अगोदर भ्यायला मिळते, मग आपण किती विवेकी आहोत याचा आनंद मिळतो. खलनायकाला पोलीस नेतात आणि आपण निश्चिंत मनाने घरी जातो. ‘खोली’ याच वळणावर येऊन थांबेल अशी आमची खात्री होती. अशा संस्थेत आणखी काय दाखविणार?

खोलीचे दार उघडते. बॅटरीचा झोत थरथरत भिंतीवरून खाली येतो आणि तेथे पेट्या दिसतात. एकावर एक रचलेल्या, पत्र्याच्या, गंजलेल्या. आणि येथे पार्श्वसंगीत थांबते. एरवी अशा क्षणी आवाज चढतो, काहीतरी झेपावते. येथे काहीच झेपावत नाही. थरथरणारा झोत हळूहळू स्थिर होतो आणि एकेका पेटीवरून सरकत जातो. पांढऱ्या रंगाने लिहिलेली नावे, इयत्ता, तुकडी, गाव. एका पेटीला कुलूप, एकीला कडीत घातलेली तार, एकीला चिंधी. एका पेटीच्या झाकणावर बाबासाहेबांचे कागदी चित्र, अर्धे उंदरांनी खाल्लेले. हा झोत मिनिटभराहून अधिक काळ चालतो. अकरा मिनिटांच्या लघुपटात एवढा वेळ पेट्यांना देणे हे धाडस आहे. मागे कोणीतरी “पुढं घ्या” असे ओरडलेही. पण आमची नजर हलत नव्हती, कारण त्या पेट्या सजावटीच्या नव्हत्या. त्या आपल्या वसतिगृहाच्या खऱ्या पेट्या होत्या, दसरा-दिवाळीला घरी गेलेल्या आणि परत न आलेल्या मुलांच्या.

आपल्या भागातील वाचकांना यावर अधिक सांगण्याची गरज नाही. दसऱ्यानंतर टोळ्या भरतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. आणि हाताशी आलेले पोर असले तर मोळ्या बांधायला, धाकटी भावंडे सांभाळायला तेही जाते. वसतिगृह हे याच मुलांनी मागे राहून शिकावे म्हणून असते. तरी काही जातात.

शेवट सांगतो. सकाळ होते. फाटकापाशी टोळीचा ट्रक उभा आहे. नव्या मुलाचे वडील खाली उतरले आहेत. मुलगा वळकटी काखोटीला मारतो, पेटी तेथेच ठेवतो; चैत्रात यायचेच आहे. ट्रक जातो. शिपाईमामा पेटी उचलतात, व्हरांड्याच्या टोकाला नेतात, कुलूप लावतात. पुढच्या दृश्यात पुन्हा रात्र, पुन्हा एक नवा मुलगा, आणि अंथरुणातून कोणीतरी त्याला सांगते, की त्या खोलीत एका पोराचे भूत आहे. नायकच भूत निघणे हा संकेत ‘द सिक्स्थ सेन्स’ (१९९९) नंतर इतक्यांनी वापरला, की तो झिजून गेला. या मुलांनी तो उचलला आणि त्यात एकच बदल केला. त्यांचा नायक मेलेला नाही. तो जिवंत आहे, कोठेतरी उसाच्या फडात आहे, आणि तरीही येथे त्याचे भूत झाले आहे. खलनायक कोणी नाही. पोलिसांनी न्यावे असे कोणी नाही. भ्यायलेल्या प्रेक्षकाला सुटकेचा श्वास मिळत नाही. भीती जाते आणि तिच्या जागी शरम येऊन बसते. भयपटाला इतके वळविता येते, हे आम्ही प्रथमच पाहिले. उसाच्या फडातील भीती आणि सामाजिक पाप यांची सांगड विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ने (२०१७) घातली होती, पण तेथे भुते खरीच आहेत.

दोष आहेत. ट्रक जाताना एक मुलगी निवेदनातून शिक्षणहक्काचे महत्त्व सांगते. ते काढून टाकावे, ट्रक पुरेसा बोलतो. पैजेचा प्रसंग लांबला आहे. पण एका गोष्टीचे कौतुक केल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या आराखड्यात पांढऱ्या साडीतील बाई होती आणि ती भूमिका एका मुलाने करावयाची होती. संकलन करणाऱ्या विद्यार्थिनीने ती नाकारली. नंतरच्या चर्चेत तिने विचारले, “भूत दर वेळी बाईच का असते, सर?” व्यासपीठावरील कोणालाही त्याचे उत्तर देता आले नाही. ‘वह कौन थी?’ (१९६४) मधील साधना आमच्या पिढीला आठवली असेल. पण आठवणे म्हणजे उत्तर नव्हे.

चर्चेत एका माजी विद्यार्थ्याने नाराजीही व्यक्त केली. सुवर्णमहोत्सवात संस्थेतून किती अधिकारी झाले, किती प्राध्यापक झाले हे दाखवावे, गळालेल्यांचा हिशेब कशाला, असे त्यांचे म्हणणे. त्यांची संस्थेवरील माया आम्ही जाणतो. पण ‘यशस्वी वसतिगृहवासी’ हाही एक ठरलेला कथाप्रकारच आहे. चिमणीच्या उजेडात अभ्यास, अनवाणी पाय, गुरुजींचा हात, शेवटी सत्काराची शाल. दोन दिवस आम्ही सर्वांनी त्याच साच्यात मनोगते केली होती. आमचीही त्याच साच्यातली होती.

मग एका पाहुण्यांनी मुलांना विचारले, की भुताची ही गोष्ट तुम्हाला सुचली कशी? दिग्दर्शन करणारा मुलगा म्हणाला, “सुचली नाही सर. आपल्या वसतिगृहात ती पहिल्यापासूनच आहे.”

ती पहिल्यापासून नाही. ती आम्ही केली. त्या सभागृहात आम्ही गप्प बसलो, म्हणून येथे लिहीत आहोत.

आठवीत आमच्या खोलीतील एक सोबती दसऱ्याला गेला आणि परतला नाही. त्याचे नाव येथे देत नाही. ते पेटीवर आहे आणि त्या सायंकाळी झोत त्यावरून गेला, तेव्हा आमच्यापैकी तिघांनी एकमेकांचे हात धरले. थंडीत त्याचे एक पोस्टकार्ड आले होते, कोल्हापूरकडील एका कारखान्याच्या तळावरून. माझी खाट कोणाला देऊ नका, पट्टा पडला की येतो, असे लिहिले होते. आम्ही ते वाचले, दप्तरात ठेवले आणि उत्तर पाठविले नाही. चैत्र गेला, परीक्षा झाली, तो आला नाही. खाटेखालची त्याची पेटी शेवटच्या खोलीत गेली. पावसाळ्यात पाचवीची नवी मुले आली. रात्री त्या खोलीतून पत्र्यावर काहीतरी गडगडल्याचा आवाज येई. आम्ही त्यांना सांगितले, की आमचा एक मित्र विहिरीत बुडून मेला आणि तो पेटी वाजवतो. मुले घाबरली, आम्हाला मौज वाटली. ‘तो उसाला गेला’ हे सांगण्यापेक्षा ‘तो मेला’ हे सांगणे आम्हाला सोपे गेले. का, ते तेव्हा कोणी स्वतःला विचारले नाही.

खुद्दकपाठात ‘तिरोकुड्ड’ नावाचे एक सुत्त आहे. दिवंगत आप्त आपल्याच घराच्या भिंतीबाहेर, दाराच्या चौकटीशी येऊन उभे राहतात आणि आतल्या भरल्या पंक्तीत कोणालाही त्यांची आठवण नसते, असे त्यात वर्णन आहे. आपल्या विद्यालयात भुताखेतांना थारा नाही आणि तो नसावाच. पण बाहेर उभ्या असलेल्यांची आठवण या अर्थाने ते सुत्त वाचायला हरकत नसावी. मेळाव्याच्या त्या रात्री आतल्या पंक्तीत आम्हीच होतो.

दुसऱ्या दिवशी पेटीवरील गावाच्या आधाराने, ओळखीतून ओळख काढत, सायंकाळपर्यंत त्याचा भ्रमणध्वनी क्रमांक मिळाला. तो फडावर होता. सव्वीस वर्षांत हंगाम चुकला नाही, असे म्हणाला. आता पोरगी दहावीला आहे, तिला मात्र आजीपाशी ठेवले आहे. आम्ही फोन मोठ्या आवाजावर ठेवून भोवती बसलो होतो. पोस्टकार्डाचे सांगितले. तो काही बोलला नाही. मग लघुपटाचे सांगितले, भुताचे सांगितले, आणि ते भूत आम्हीच उठविल्याचेही सांगितले. पलीकडे कोयत्यांचा आणि बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता.

“मंग मी भूत हुन करीत काय होतो?” त्याने विचारले.

“पेटी वाजवायचास.”

“वाजनारच की,” तो म्हणाला. “गोट्या होत्या तिच्यात.”