जातं कुठं गेलं?

पस्तीस वर्षं रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करून पोट भरलं. त्यामुळे २०११ साली व्हॉल्व्हचा कंडेन्सर मायक्रोफोन स्वतः बनवायला घेतला, तेव्हा पंधरा दिवसांत हातावेगळा करू, असं वाटलं होतं. दीड वर्ष लागलं. त्यातलं बरंचसं दोन रेझिस्टरांपायी गेलं.

निमित्त होतं आत्याचं. आत्या बासरची. बासर तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होतं. पुढे राज्य बदललं, मग जिल्हाही. सरस्वतीच्या देवळात पोरांना पहिलं अक्षर गिरवायला घेऊन येणारी मराठी माणसं तिच्या ओसरीवर टेकायची. ऐंशी ओलांडली तरी ती हरभऱ्याची डाळ जात्यावरच भरडायची, आणि खुंट्याला हात लागला की ओवी आपोआप सुरू व्हायची. त्या ओव्या मला नीट टिपून ठेवायच्या होत्या.

जुन्या टेपरेकॉर्डरमधून काढलेला ईएफ८६ व्हॉल्व्ह घरात होता. कॅप्सूल टपालाने मागवली, साडेतीन हजारांची. सोन्याचा मुलामा दिलेला, काही मायक्रॉन जाडीचा पडदा आणि त्याला जवळजवळ खेटून पितळी चकती. दोन्हींत ६० व्होल्ट ठेवायचे. आवाजाने पडदा हलला की व्होल्टेज हलतं, आणि ते व्हॉल्व्हच्या ग्रिडला द्यायचं. त्यासाठी दोन मोठे रेझिस्टर लागतात. एकातून ६० व्होल्ट कॅप्सूलला पोचतात, दुसरा ग्रिडला अर्थशी जोडतो.

मी दोन्ही १० मेगचे लावले. विचारलं असतं तर व्हॉल्व्हचं माहितीपत्रक पुढे केलं असतं. ग्रिडला १० मेगच्या वर जाऊ नये, असं त्यात छापलेलं होतं. खरं कारण इतकंच, की हैदराबादला कोठीच्या बाजारात मला त्याहून मोठा मिळाला नाही, आणि दुसऱ्यांदा जायचा कंटाळा आला.

आत्या जात्यावर बसली. अर्धा तास गायली. मग हेडफोन तिच्या कानांना लावला. थोडा वेळ ऐकून म्हणाली, “माझा आवाज आला रे. पण जातं कुठं गेलं?”

जातं खरंच नव्हतं. तिचा आवाजही टेलिफोनवरून आल्यासारखा, वर खरखर. मी म्हणालो, “आत्या, ओव्या स्वच्छ याव्यात म्हणून जात्याचा आवाज मुद्दाम कमी केलाय.” तिने मान डोलावली. तिला हे पटलं, याचं मला तेव्हा बरं वाटलं होतं.

रात्री पाकिटाच्या पाठीवर हिशेब केला. तो मी शिकाऊ पोरांना कैकदा शिकवला होता. कॅप्सूलची कपॅसिटी ६० पिकोफॅरॅड. आवाजाच्या दृष्टीने दोन्ही रेझिस्टर एकमेकांना समांतर, म्हणजे भार १० मेगचाही नाही, ५ मेगचा. उत्तर आलं सुमारे ५३० हर्ट्झ. त्याच्या खालचं सगळं उतरत जाणार. जात्याची घरघर तर कितीतरी खाली. दोन्ही जागी १ गिगा, म्हणजे शंभरपट मोठा रेझिस्टर असता तर ही हद्द ५ हर्ट्झवर आली असती आणि रेझिस्टरांची खरखरही दहापट घटली असती. माहितीपत्रकाची मर्यादा मायक्रोफोनवाले जाणूनबुजून ओलांडतात. व्हॉल्व्ह कमी व्होल्टेजवर, कमी करंटवर चालवतात, म्हणजे ग्रिडचा करंट नगण्य राहतो.

१ गिगाचे मागवले, लावले. मीटर धरला. ६० व्होल्टच्या जागी ०.६ दिसले.

इथे थांबून विचार करायला हवा होता. माझ्या मीटरचा स्वतःचा रोध १० मेग. १ गिगाच्या पलीकडे तो टेकवला की ६० मधला शंभरावा हिस्साच त्याला दिसणार. पण माझा आयुष्यभर मीटरवर विश्वास. रेझिस्टर खराब आला असं ठरवून मी कॅप्सूलकडचा काढला आणि तिथे पुन्हा १० मेगचा लावला. आता मीटर ३० दाखवू लागला. पॉवर सप्लाय वाढवत गेलो आणि काटेकोरपणे ६० वर आणून ठेवला. समाधानाने मीटर काढला.

मीटर होता तोवर निम्मं व्होल्टेज तो ओढून घेत होता. तो निघाला आणि कॅप्सूलवर १२० आले. चट् असा बारीक आवाज झाला. पडदा चकतीला चिकटला होता, मधोमध मोहरीएवढा काळा डाग. साडेतीन हजार गेले, आणि तेही मीटरने बरोबर ६० दाखवल्यावर.

दुसरी कॅप्सूल आली ती पावसाळ्यात. नवा मायक्रोफोन तडतडायचा. मी व्हॉल्व्ह बदलला, सप्लाय बदलला. दोष माझ्या बोटांचा निघाला. १ गिगाच्या काचेवर घामाचे ठसे, सोल्डरिंग पेस्टचा चिकटा, त्यावर गोदावरीकाठची दमट हवा. करंटला रेझिस्टरपेक्षा त्या मळातून जाणं सोपं होतं. स्पिरिटने पुसलं, ग्रिडचा जोड पट्टीवरून उचलून हवेत अधांतरी धरला, तडतड थांबली.

पुढच्या वसंत पंचमीला मायक्रोफोन घेऊन बासरला गेलो. आता त्याला सगळंच ऐकू येत होतं, पुलावरून जाणारी मालगाडीसुद्धा. मधल्या काळात आत्याचा खांदा धरला होता. डॉक्टरांनी जातं बंद केलं होतं. जात्याशिवाय ओवी सुचत नाही, म्हणाली. शेवटी मी जातं ओढलं आणि ती शेजारी बसून गायली. माझ्या हाताला लय नाही, त्यामुळे ती दोनदा अडखळली.

हेडफोन लावून तिने ऐकलं. घरघर भरपूर होती. म्हणाली, “आता मुद्दाम वाढवलंस का रे?”

“नाही आत्या,” मी म्हणालो, “तेव्हा माझं चुकलं होतं.”

“मला वाटलंच होतं,” ती म्हणाली, आणि हेडफोन काढून ठेवला.