आवाज झाल्यावर तो कुठे वळतो

गुडघे गेल्यापासून मी कुणाच्या मागे चालत नाही; अंगरक्षक निवडून देतो. नोकरी पोलिसांच्या संरक्षण ड्युटीत गेली, म्हणून लोक विश्वासाने येतात. बहुतेकांना हवा असतो सहा फुटी, दंड भरलेला, काळ्या सफारीतला गडी. तो बाउन्सर. दारातली गर्दी अडवायला चांगला, पण एजन्सीवाले हल्ली त्यालाच अंगरक्षक म्हणून खपवतात, याचा मला मनापासून संताप येतो.

माझा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. आवाज झाला की माणूस आवाजाकडे बघतो. अंगरक्षकाने वळायचं असतं साहेबांकडे. 8 जुलै 2022 रोजी जपानमधल्या नारा शहरात माजी पंतप्रधान शिंजो आबेंवर पाठीमागून झालेला पहिला बार चुकला होता. दुसरा सुमारे अडीच सेकंदांनी झाला. तेवढ्या वेळात त्यांना खाली दाबायला कुणी पोचलं नाही. ती चित्रफीत मी पुन्हापुन्हा बघतो. याउलट 1981 मध्ये वॉशिंग्टनला अंगरक्षक जेरी पार यांनी गोळ्या सुटताच राष्ट्राध्यक्ष रेगनना धरून गाडीत ढकललं, आणि ओठांवर रक्त दिसताच गाडी व्हाइट हाउसऐवजी हॉस्पिटलकडे वळवली. रेगन वाचले.

कोण साहेबांकडे वळेल, हे मुलाखतीत कसं ओळखायचं? मी उमेदवाराला सोबत घेऊन जिना उतरतो आणि भाचा वरून स्टीलचं ताट टाकतो. भलेभले वर बघतात. फौजेतले आवाजाच्या दिशेने झेपावतात. त्यांना तेच शिकवलेलं असतं. परवा साताऱ्याकडचा एक सडपातळ पोरगा आला. ताट वाजलं आणि त्याच्या डाव्या हाताने मला खांद्याला धरून भिंतीशी दाबलं. तो स्वतः मधे उभा, उजवा हात मोकळा. वर त्याने नंतर पाहिलं.

ज्या घरी त्याला पाठवला, त्यांना तो किरकोळ वाटला. मला राग आला, पण दिसण्याचा सोस मलाही होताच. साहेबांच्या मागे माझा चेहरा छापून आलेली कात्रणं मी अजून जपून ठेवली आहेत, पाहुण्यांना दाखवतोही. त्या पोराला फोटोत येण्याची हौस नाही. तिथे तो माझ्यापेक्षा सरस आहे.

माणूस ठेवणार असाल तर खासगी सुरक्षा एजन्सींसाठीच्या 2005 च्या कायद्याखालचा एजन्सीचा परवाना बघा. पिस्तुलाचा परवाना कुणाच्या नावावर आहे आणि तो महाराष्ट्रात चालतो का, हेही विचारा. तो पोरगा अजून मोकळा आहे.