हडसनकाठच्या आनंदीबाई

आमच्या परभणी जिल्ह्यात माणूस गेला की बहुतेक घरांतून अस्थी गंगाखेडला नेतात. जनाबाईंचं ते गाव. गोदावरीत अस्थी सोडल्या की मागे ना दगड राहतो, ना नाव. माझ्या वडिलांच्याही तिथेच सोडल्या. म्हणून असेल, न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सीच्या जुन्या दफनभूमीत एका मराठी बाईचं नाव दगडावर वाचताना मला भडभडून आलं.

हे नाव डॉ. आनंदीबाई जोशींचं. मार्च १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या इस्पितळात नेमणूकही ठरली होती; पण क्षयाने गाठलं आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावं वर्ष पुरं होण्याआधी, त्या पुण्यात गेल्या. पती गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी अमेरिकेला थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवल्या. या बाईंनी एका मिशनरी मासिकात जोशी दांपत्याची हकिगत वाचून आपण होऊन पत्र लिहिलं होतं, आणि १८८३ मध्ये आनंदी आल्यावर न्यू जर्सीतल्या आपल्या घरी ठेवून घेतलं होतं. आनंदीची ती मावशी झाली. त्या मावशीने आपल्या घराण्याच्या जागेत भाचीला जागा दिली. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो असं मानण्याच्या काळात त्या अस्थींनीही समुद्र ओलांडला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

शिक्षणासाठी देश सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, असं दगडावर कोरलंय. मला ते अपुरं वाटतं. चौदाव्या वर्षी पोटचं बाळ दहा दिवसांत गेलं आणि त्यातून या मुलीने डॉक्टर व्हायचं ठरवलं. त्यात जातीचं काय? दगडावर जागा थोडी होती तर तेच लिहायला हवं होतं.

मुलींसाठी कॉलेज काढणारा मॅथ्यू व्हॅसर याच दफनभूमीत आहे. गावातली माणसं त्याची समाधी दाखवतात, आनंदीबाईंची आपल्यालाच शोधावी लागते.

न्यूयॉर्कला मुलांकडे येणाऱ्या आईवडिलांना आपण नायगारा दाखवतो. ग्रँड सेंट्रलहून हडसन लाइनची गाडी सुमारे दोन तासांत पकीप्सीला पोचते, तेच शेवटचं स्टेशन. एक दिवस त्यांना तिकडेही घेऊन जा, आणि नातींना सोबत न्या.