ओरखडा आणि उजेड

मोटार चालवायला शिकवणारे पुष्कळ भेटतात. ती उभी कुठे आणि कशी करावी, हे शिकवणारे क्वचितच. वस्तुतः आमच्यासारख्यांची गाडी दिवसातले बावीस-तेवीस तास उभीच असते. आमच्या गाडीवरचे सगळे ओरखडे तिला उभी असतानाच पडले. म्हणजे ज्या विद्येची अधिक गरज होती, नेमकी तीच आम्हाला कुणी दिली नव्हती.

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि येवल्याच्या जुन्या वस्तीत राहतो. इथल्या गल्ल्या बैलगाडी आणि घोडा यांच्या मापाच्या. घरांचे ओटे थेट रस्त्यावर उतरतात. दोन दुचाक्या समोरासमोर आल्या तरी एकीला थांबावे लागते. अशा गल्लीत आम्ही सहा वर्षांपूर्वी गाडी आणली, आणि तिसऱ्याच आठवड्यात कांद्याच्या ट्रॉलीने तिच्या मागच्या दाराला पोचा पाडला. ट्रॅक्टरवाल्याचा दोष फारसा नव्हता. आम्ही गाडी कोपऱ्यावर लावली होती, आणि वळणाऱ्या ट्रॉलीची चाके ट्रॅक्टरच्या चाकांपेक्षा आतून जातात, ही गोष्ट आम्हाला ठाऊक नव्हती.

मग आम्ही ही विद्या मन लावून आत्मसात केली. कोपऱ्यावर गाडी लावायची नाही. शेजारच्या गाडीचे दार पूर्ण उघडेल एवढे अंतर सोडायचे, कारण पुष्कळदा ओरखडा धडकेतून येत नाही, घाईने उघडलेल्या दारातून येतो. चाके सरळ, आरसे मिटलेले. उतारावर हातब्रेकच्या जोडीला गिअरही. झाडाची सावली मोहक, पण फांदीवर पक्षी असतात. उन्हात रंगावरचा पारदर्शक थर मऊ होतो, निवताना विष्ठेभोवती आवळला जातो आणि डाग कायमचा राहतो. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, बहुधा माणसाच्या केसाहूनही बारीक. म्हणून विष्ठा पाण्याने भिजवून अलगद उचलायची, कोरडी घासायची नाही. धुळीने माखलेल्या गाडीवर आच्छादनही ओढायचे नाही. वाऱ्याने ते हलू लागले की खालची धूळ काचकागदाचे काम करते.

गावाचे पंचांगही गाडीच्या दृष्टीने पाहू लागलो. भोगी, संक्रांत आणि कर हे तीन दिवस येवला आकाशाकडे पाहत असते. आसारी हातात घेऊन धावणाऱ्या मुलाला खाली ओटा आहे की बॉनेट, याचे भान नसते, आणि ते असावे अशी अपेक्षाही करू नये. रंगपंचमीला ट्रॅक्टरवर रंगाची पिंपे चढवून रंगांचे सामने होतात. त्या दिवसांत गाडी गावाबाहेर परिचितांच्या अंगणात नेऊन ठेवायची, हे ठरून गेले. ज्या उत्सवांना आम्ही एके काळी गच्चीवरून दाद देत होतो, त्यांना आता टाळण्याच्या तारखा म्हणून ओळखू लागलो. हे आम्हाला त्या वेळी खटकले नाही.

शेवटी आम्हाला आदर्श जागा सापडली. आमच्या घरासमोर एका पैठणी विणकराचे घर आहे. त्यांच्या भिंतीला खेटून, रस्त्याशी अगदी समांतर गाडी लावली की ट्रॉलीला वाट मोकळी राहायची. भिंतीच्या बाजूने कुणी येण्याचा प्रश्नच नव्हता. आरसा आणि भिंत यांत चार बोटांचे अंतर ठेवण्यात आम्ही तरबेज झालो होतो. वर राखाडी आच्छादन. साडेदहाला महाविद्यालयात जाईपर्यंत, आणि सुट्टीत तर दिवसभर, गाडी तिथे निर्धास्त उभी असे. चार महिन्यांत एकही ओरखडा उमटला नाही. आपल्या कौशल्याचा आम्हाला अभिमान वाटू लागला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एका सकाळी विणकरकाका ओट्यावर भेटले. सहज म्हणून विचारले, "काका, हल्ली माग उशिरा सुरू होतो का?" ते थोडे संकोचले. म्हणाले, "तसं नाही सर. तुमची गाडी गेली की बसतो. खिडकी उघडली तर झडप तुमच्या दाराला लागंल ना. नवी गाडी तुमची."

आम्ही खिडकीकडे पाहिले. जुन्या लाकडी झडपा, बाहेर उघडणाऱ्या. माग त्या खिडकीशीच आहे. पदरावरचा मोर विणताना रेशमाच्या कितीतरी छोट्या कांड्या हाती असतात, एकेका धाग्याचा हिशेब ठेवावा लागतो, आणि हिरव्यातला हिरवा ओळखायला सकाळचा उजेड लागतो. दिव्याखाली रंग फसवतो, असे काकूंनी आतून सांगितले. मजुरी साडी उतरल्यावर मिळते. दिवाळीच्या आधी उतरायची साडी दिवाळीनंतर उतरली होती.

"मग सांगितलं का नाही?" आमच्यापैकी एकाने विचारले. प्रश्न तोंडातून निघताक्षणीच तो किती उद्धट आहे हे कळले. काका एवढेच म्हणाले, "तुम्ही सर-मॅडम. कसं सांगावं?"

आमची गाडी चार महिने निष्कलंक राहिली, ती आमच्या कौशल्यामुळे नव्हे. एक माणूस स्वतःचा उजेड बंद ठेवून तिचा रंग जपत होता. त्याच चार महिन्यांत आम्ही वर्गात श्रमिकांच्या जीवनाचे साहित्यातील चित्रण शिकवत होतो. रोज सकाळी त्या मिटलेल्या खिडकीशेजारून गाडी काढत होतो आणि आरशात फक्त चार बोटांचे अंतर पाहत होतो.

पुढे मोटार वाहन कायदा, १९८८ चाळला. कलम १२२ वाहन उभे करण्याविषयी आहे. सार्वजनिक जागी इतरांना धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय होईल अशा रीतीने ते उभे राहू देऊ नये, असा त्याचा आशय. वाहनाला काय होईल, याविषयी त्यात अवाक्षर नाही. आम्ही मात्र गाडी सुरक्षित उभी करणे म्हणजे गाडीला काही न होणे, एवढाच अर्थ लावत आलो होतो. भाषेच्या अध्यापकांनी 'सुरक्षित' या शब्दाला कुणाची सुरक्षितता, असे एकदाही विचारले नव्हते.

आता गाडी चौकापलीकडच्या मोकळ्या जागेत असते. चालत पाच मिनिटे लागतात. तिथे मुले क्रिकेट खेळतात, शेळ्या टेकतात. डाव्या दारावर दोन नवे ओरखडे आहेत. त्यांतला एक बराच लांब आहे, आणि तो पाहिला की आम्हाला अजूनही वाईट वाटते. वाटत नाही असे म्हणणे खोटे ठरेल. पण सकाळी सातला समोरच्या झडपा भिंतीवर आपटून उघडतात आणि मागोमाग माग सुरू होतो. तो आवाज कानी पडल्याखेरीज आम्हाला चहा जात नाही.